झाडं हलवायला मिनी ट्रॅक्टर की लोडर? आधी मातीचा गोळा मोजा

मशीन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीचा घेऊ? झाडं हलवायच्या कामात हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. झाड इंजिन उचलत नाही, हायड्रॉलिक उचलतं, आणि उचललेलं झाड तोलून धरतं ते मशीनचं स्वतःचं वजन. म्हणून खालचा क्रम तुम्हाला थोडा उलटा वाटेल, आधी झाड, मग ते धरायचं अवजार, मग मशीन, आणि एचपी कुठेतरी मधेच येऊन जाईल.

१. टेप घेऊन झाडाकडे जा

जमिनीपासून १५ सेंमी वर बुंध्याचा घेर मोजा. झाड १० सेंमीपेक्षा जाड असेल तर ३० सेंमीवर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की जाडी मिळाली. नर्सरीतला चालत आलेला हिशोब असा की जाडीच्या १० ते १२ पट रुंद मातीचा गोळा मुळांसकट काढायचा, म्हणजे ५ सेंमी जाडीच्या झाडाला ५०-६० सेंमीचा गोळा आणि १० सेंमीच्या झाडाला थेट १ मीटर ते १ मीटर २० सेंमीचा. खोली रुंदीच्या साधारण ६० टक्के धरा.

आता वजन. इथेच बहुतेक नवीन लोक फसतात, कारण ते झाडाकडे बघतात आणि वजन असतं मातीत. ओलसर मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० ते १९०० किलो भरतं. मी वापरतो तो सोपा हिशोब: रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, आणि येईल त्याला ९०० ने गुणायचं, उत्तर किलोत. हे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या गोळ्यासाठी, म्हणजे ट्री स्पेडने (झाड गोळ्यासकट कापून उचलणारं पात्यांचं हायड्रॉलिक अवजार) काढतो तसा. हाताने फावडं-कुदळ घेऊन काढलेला गोळा कमी निमुळता होतो, त्याला ९०० ऐवजी ११०० धरा.

करून बघा. ६० सेंमी रुंद आणि ४० सेंमी खोल गोळा १३० किलोच्या आसपास. ९० सेंमी रुंद, ५५ खोल असेल तर ४०० किलो. आणि १२० सेंमी रुंद, ७० खोल म्हणजे ९०० किलो. रुंदी दुप्पट केली तेव्हा वजन जवळजवळ सातपट झालं, कारण सगळ्याच बाजूंनी माती वाढते. ह्यात वरचं झाड, गोणपाट, जाळी धरायचीय, त्यासाठी १५-२० टक्के अजून टाका. झाड काढायच्या आदल्या दिवशी पाणी दिलेलं असतं (द्यावंच लागतं, नाहीतर कोरडी माती गोळा धरत नाही, भुसभुशीत होऊन मुळांवरून गळून पडते) त्यामुळे कोरड्या मातीचं वजन धरून हिशोब करू नका.

तुमच्याकडची सगळी झाडं अशी मोजून काढा आणि मग एक निर्णय घ्या जो कुणी घेत नाही: सगळ्यात मोठ्या झाडासाठी मशीन घ्यायचं नाही. ४० झाडं ६० सेंमी गोळ्याची आणि दोनच १२० सेंमीची असतील तर ती दोन झाडं ट्रकवर मोठा ट्री स्पेड असलेल्या माणसाला बोलावून हलवा आणि मशीन ४० झाडांच्या मापाचं घ्या. त्या दोन झाडांपायी घेतलेलं अवाढव्य मशीन पुढे कायम फाटकातून आत जायला अडतं.

२. झाड धरणार कशाने

झाड बुंध्याला पट्टा बांधून उचलायचं नाही. एवढं एक पाळलं तरी अर्धी झाडं वाचतात. सगळं वजन गोळ्यात आणि ओढ बुंध्याच्या सालीवर, मग साल सरकते, आणि नवी पालवी फुटायच्या दिवसात तर साल आतून निसरडीच असते, हातमोजा काढावा तशी निघते. वजन खालून, गोळ्याखालून घ्यायचं. बुंध्याला फक्त तोल जाऊ नये म्हणून मऊ गोणपाट गुंडाळून सैलसर टेकू द्यायचा.

सुरुवातीला सगळ्यात कामाचं अवजार म्हणजे पॅलेट फोर्क. दोन काटे, गोळा त्यांच्यावर किंवा काट्यांच्या मधे रुततो, सोबत दोन चांगले पट्टे. झाडं वर्षभर चालणार असतील तर गोळा कवेत घेणारे वाकडे जबडे मिळतात, त्यात गोळा टोपलीत बसल्यासारखा बसतो. बकेटमध्येही झाड नेता येतं, मी नेलीत, पण गोळा लोळतो आणि कडेला आपटून फुटतो. गोळा एकदा फुटला की आतली केसासारखी बारीक मुळं तुटतात, आणि पाणी शोषायचं काम तीच करतात.

ट्री स्पेडचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. गोळा कापतो, उचलतो, नेतो, लावतो, सगळं एकच. पण तो स्वतःच काही शे किलोचा असतो आणि तेवढं वजन तुमच्या उचलायच्या क्षमतेतून आधीच गेलं. शिवाय त्याला तेलाचा भरपूर प्रवाह लागतो आणि पाती वेगवेगळी चालवायला जादा व्हॉल्व्ह आणि वायरिंग लागतं. स्किड स्टीअरवर (जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) साध्या लाइनला मिनिटाला साधारण ६० ते ८० लिटर तेल मिळतं, मिनी ट्रॅक्टरचा पंप बहुतेक वेळा २० ते ४० लिटरमध्येच असतो आणि तोच पंप बाकीची कामंही करत असतो. म्हणजे छोट्या ट्रॅक्टरवर मोठा स्पेड लावला तर पाती हलतील, पण एका झाडाला किती वेळ लागेल ते विचारू नका.

३. ब्रोशरमधला आकडा सोलून बघा

ट्रॅक्टरच्या पुढे उचलायचे हात बसवतात, त्यालाही लोडरच म्हणतात. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, लोडर क्षमता ५५० किलो. हा आकडा बऱ्याचदा पिनपाशी मोजलेला असतो, म्हणजे जिथे बकेट लोडरच्या हातांना जोडलेली असते त्या सांध्यावर. झाड तिथे नसतंच. फोर्कची चौकट, मग गोळ्याची अर्धी रुंदी, वजनाचा मध्य पिनपासून सहज ६० सेंमी पुढे गेलेला असतो. कंपन्या पिनच्या ५०० मिमी पुढचा आकडाही देतात, तो छोट्या अक्षरात असतो, आणि आपल्या कामाचा तोच.

समजा घेर २२ सेंमी भरला. जाडी ७ सेंमी, गोळा ८० सेंमी रुंद, ५० खोल, हाताने काढलेला. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.५ गुणिले ११००, साधारण ३५० किलो. वरचं झाड आणि जाळी धरून ४०० समजा. आता तो ५५० किलोचा लोडर घ्या. ५०० मिमी पुढे तोच आकडा ४०० च्या आसपास उतरतो. फोर्क आणि त्याची चौकट १०० किलोची, ती वजा केली. उरले ३००. म्हणजे कागदावर ५५० किलो उचलणारं मशीन तुमचं ४०० किलोचं झाड उचलत नाही.

अजून एक बघायचं, आकडा किती उंचीवरचा आहे. पूर्ण उंचीवर लोडर कमी उचलतो, दीड मीटरवर बहुतेक जास्त. झाड जमिनीलगत न्यायचं असेल तर दीड मीटरवाला आकडा चालेल, पण ट्रॉलीत किंवा ट्रकवर चढवायचं असेल तर फळ्याची उंची मोजा आणि तिथे काय उचलतं ते विचारा. आणि ब्रेकआउट फोर्स म्हणून जो सगळ्यात भारी आकडा असतो तो ढिगातून बकेट उचकटायचा जोर असतो, झाड उचलायच्या हिशोबात तो धरायचाच नाही.

स्किड स्टीअरचा हिशोब वेगळा आहे. तिथे रेटेड क्षमता म्हणून जो आकडा देतात तो मशीन पुढे कलंडायला जेवढं वजन लागतं त्याच्या निम्मा असतो, आणि चेनवाल्या मशीनला ३५ टक्के धरायची पद्धत आहे. म्हणून दोन मशीनची तुलना करताना एकाचा रेटेड आकडा आणि दुसऱ्याचा कलंडायचा आकडा शेजारी ठेवू नका, कुणीतरी कलंडायचाच आकडा क्षमता म्हणून सांगतो आणि आपण खूश.

ट्रॅक्टरच्या लोडरला वजन झेपत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब हद्दीबाहेर जाऊ न देणारा) कर्कश आवाज करतो आणि हात वर जात नाहीत. ती त्याची सांगायची पद्धत आहे. काही जण तो व्हॉल्व्ह आवळून प्रेशर वाढवतात. नका करू, पुढचा एक्सल, पिना, होज कशालाच तो जादा जोर कुणी विचारलेला नसतो.

४. मशीन कोणतं

मिनी ट्रॅक्टर अशांनी घ्यावा ज्यांना झाडांशिवाय बाकीचीही कामं आहेत, गवत कापायचं, ट्रॉली ओढायची, खड्डे पाडायचे. २० ते २५ एचपीचे एकदम छोटे ट्रॅक्टर पुढून खऱ्या अर्थाने दीड-दोनशे किलोपर्यंतच नीट हाताळतात, म्हणजे ६० सेंमी गोळ्यापर्यंत. ४० एचपीच्या आसपासचे जड ट्रॅक्टर ८०-९० सेंमीपर्यंत जातात. पण लोक विसरतात की ट्रॅक्टरला मागेही हात आहेत. थ्री पॉइंट लिंकेज बहुतेक वेळा पुढच्या लोडरपेक्षा जास्त उचलतं, त्याला मागचे फोर्क लावले की लांबच्या पल्ल्याला जड गोळा मागून न्यायला बरा पडतो. तिथेही तीच गोष्ट, आकडा लिंकच्या टोकाला आहे की ६१० मिमी मागे ते बघायचं. आणि मागे फार जड लटकवलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

गिअर की हायड्रोस्टॅटिक (क्लच-गिअरशिवाय, तेलाच्या दाबावर चालणारा)? झाडांसाठी हायड्रोस्टॅटिक, मी दुसरा विचार करणार नाही. खड्ड्याच्या काठाशी इंच इंच पुढे जायचं असतं, थोडं मागे, परत पुढे, क्लच दाबून सोडून हे करताना एक धक्का बसतो आणि गोळ्याला तडा जातो.

स्किड स्टीअर उचलतो भरपूर, जागच्या जागी वळतो, अवजार पटकन बदलतं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात लुई आणि सिरिल केलर ह्या दोन भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायला तीनचाकी छोटा लोडर बनवून दिला, त्यातूनच हा प्रकार आणि पुढे बॉबकॅट हा ब्रँड आला. अरुंद खुराड्यात वळायला बनलेलं यंत्र आहे हे लक्षात ठेवलं की त्याचे गुणदोष आपोआप कळतात. वळताना चाकं वळत नाहीत, जमिनीवर घासतात, त्यामुळे हिरवळ सोलून निघते. जाड प्लायवूडचे तक्ते टाकून त्यावरून जा, आणि वळणं मोठी घ्या. शिवाय समोर झाड धरलं की दिसत काहीच नाही, फांद्या काचेवर, एक माणूस खाली उभा पाहिजेच, पण मशीनच्या अगदी पुढ्यात नाही, बाजूला.

उभं राहून चालवायचे मिनी लोडर घराच्या बागेसाठी मला सगळ्यात आवडतात. रुंदी साधारण ९० सेंमी, म्हणजे बागेच्या छोट्या फाटकातून आत जातात, क्षमता मॉडेलप्रमाणे २०० ते ५०० किलोच्या दरम्यान. तुम्ही मागे उभे असता आणि गोळा डोळ्यासमोर असतो, सीटवर बसून मान वाकडी करायची गरज नाही. लांब अंतराला मात्र कंटाळा येतो, हळू चालतात.

कंबरेत वाकणारे आर्टिक्युलेटेड लोडर गवताला सगळ्यात कमी त्रास देतात. फक्त एक, सरळ असताना जेवढं पेलतं तेवढं वाकल्यावर पेलत नाही, कारण मागचं वजन बाजूला सरकतं. ब्रोशरमध्ये दोन आकडे असतील, छोटा आकडा आपला.

५. मागचं वजन

हे वेगळं सांगतो कारण माझी फजिती इथेच झाली. पहिल्या वर्षी ७५ सेंमीचा गोळा, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, मी फोर्क खाली घातले, हळूच उचललं, लोडरने विनातक्रार उचललं. मागे काही लावलेलं नव्हतं, काय दहा मीटर तर जायचंय म्हटलं. उताराला लागलो आणि सीट माझ्या पाठीला ढकलायला लागली. मागची दोन्ही चाकं वीतभर वर. ब्रेक दाबला, काहीच नाही. कारण बहुतेक मिनी ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात आणि मागची चाकं हवेत. नशीब लिव्हर हातात होता, गोळा खाली टेकवला, सगळं धाडकन जाग्यावर आलं आणि गोळ्याचे दोन तुकडे.

तर, लोडरवर वजन असेल तर मागे थ्री पॉइंटला वजन लावायचंच, काँक्रीट भरलेला डबा असो नाहीतर जड अवजार. टायरमध्ये पाणी भरतात तेही चांगलं, मागची चाकं जमिनीला धरून राहतात, पण त्याने पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही कारण ते वजन मागच्या एक्सलवरच बसतं. एक्सलच्या मागे लटकवलेलं वजन तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं पुढचा भार खरोखर हलका करतं. किती लावायचं ते लोडरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, अंदाजाने करू नका.

उतारावर फोर व्हील चालू ठेवा, कारण तेव्हा पुढच्या चाकांनाही ब्रेकिंग मिळतं. जड बाजू कायम चढाकडे, म्हणजे पुढे झाड असेल तर चढ सरळ चढायचा आणि उतरताना रिव्हर्समध्ये. उताराला आडवं जाऊ नका. गोळा जमिनीपासून वीत-दोन वीत वर, त्याच्यापेक्षा उंच कशाला न्यायचा. रोल बार (मशीन उलटलं तर चालकाला वाचवणारी सीटमागची कमान) उभा असेल तर सीट बेल्ट लावलाच पाहिजे, बेल्टशिवाय रोल बारचा उपयोग नाही, मशीन उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच बारखाली येतो.

६. वाट मोजा, मग पैसे द्या

फाटक किती रुंद आहे, मशीनची रुंदी बकेटसकट किती, टायर बाहेर येतात का. वर वीजतारा आहेत का, झाड उभं धरून जाताना टोक किती उंच जातं ते कुणी बघत नाही. खणण्याआधी जमिनीखालून केबल-पाइप कुठून गेलेत ते संबंधितांकडून खुणा करून घ्या. जमीन ओली असेल तर चेनवालं मशीन जमिनीवर कमी दाब देतं, टायरवालं रुततं. ट्रॅक्टरच्या टायरमध्येही फरक आहे, शेतीचे उंच नक्षीचे टायर चिखलात पकडतात आणि हिरवळ उकरतात, गवताचे सपाट टायर ह्याच्या उलट, मधले इंडस्ट्रियल टायर लोडरच्या कामाला जाड आणि टिकाऊ, मी तेच घेतलेत. बाकी जी झाडं हलवायची नाहीत त्यांच्या बुंध्याजवळून मशीन परत परत नेऊ नका, माती दबली की त्यांची मुळं गुदमरतात, एक झाड वाचवून दुसरं मारायचं.

खड्ड्यासाठी पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा) ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचा स्क्रू, घ्यायचा विचार असेल तर चिकणमातीत तो खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत करून टाकतो, मडक्याच्या आतल्यासारख्या, मुळं तिथून बाहेर शिरत नाहीत आणि आतच गोल फिरतात. पहारीने भिंती खरवडून घ्या. खड्डा गोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद पण खोल मात्र गोळ्याएवढाच, नाहीतर झाड नंतर खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो.

विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने घ्या, शक्य असेल तर दोन वेगळ्या प्रकारची मशीन, आणि शोरूमच्या अंगणात नाही, तुमच्या झाडावर चालवून बघा. बघायचं काय, तर जॉयस्टिक किती हळू हलवता येतो. चांगल्या मशीनवर गोळा बोटभर खाली आणून थांबवता येतो. काही मशीन मात्र एकतर थांबलेली नाहीतर पडलेली, मधलं काही नाहीच.

जुनं घेत असाल तर आधी सांगून ठेवा की मशीन थंड ठेवा, मी येऊन चालू करणार. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर का गरम आहे ते विचारा. लोडरच्या पिनांशी बकेट धरून हलवा, खडखड आली तर बुश (पिनांभोवतीच्या धातूच्या नळ्या) गेलेत. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यांवर बोट फिरवा, ओरखडा नखाला लागला तर सील टिकणार नाही. लोडरच्या चौकटीवर नवीन रंगाचा एखादाच ठिपका असेल तर त्याखाली वेल्डिंग शोधा. मग अर्धा तास काम करून तेल गरम होऊ द्या, कारण पंपाचे आजार गरम तेलातच बाहेर येतात. शेवटी बकेटमध्ये वजन भरा, हात छातीएवढे वर न्या, इंजिन बंद करा, खालून सगळ्यांना लांब करा आणि बकेट जमिनीपासून किती उंच आहे ते खडूने भिंतीवर लिहा. दहा मिनिटांनी परत मोजा. थोडंसं उतरणं चालतं, वीतभर उतरली असेल तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व्ह बदलायचा खर्च धरूनच भाव बोला.